राजाराम कॉलेजची जुनी वास्तू, दसरा चौकातली बोर्डिंगे आणि एसटीने येणारा डबा

माळकर तिकटी

गेल्या रविवारी पुण्याहून आलेल्या भाचीला घेऊन कोल्हापूरच्या अंबाबाईचे दर्शन आटोपले आणि आम्ही भवानी मंडपात आलो. समोरच्या काळ्या दगडाच्या इमारतीकडे बोट दाखवून तिने विचारले, "मामा, हा पण राजवाडाच का?" मी "नाही गं, ती शाळा" असे सांगून मोकळा झालो आणि घरी येईपर्यंत ते उत्तर मला टोचत राहिले, कारण ते खोटे नसले तरी अर्धेच होते. १८८० मध्ये येथे राजाराम कॉलेज सुरू झाले आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांचे उच्च शिक्षण या आवारात झाले. पुढे कॉलेज सागरमाळावर गेले, शाळा मागे राहिली, आणि आज तेथून जाणाऱ्या भाविकाला किंवा पर्यटकाला ती इमारत भवानी मंडपाची पार्श्वभूमी एवढीच वाटते.

ज्यांच्या नावाने कॉलेज निघाले ते दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांची छत्री आहे, आणि तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा आहे, म्हणजे आपला टाऊन हॉल, सीपीआर रुग्णालयाची जुनी इमारत आणि नवा राजवाडा ज्यांनी उभा केला त्यांचाच. परदेशात शिकायला, पाहायला गेलेला तरुण राजा परत आला नाही आणि त्याच्या नावाने त्याच्या गावात कॉलेज उभे राहिले, ही गोष्ट मला लहानपणी कोणी सांगितली असती तर इतिहासाच्या तासाला मी झोपलो नसतो.

आता मुद्द्याचे. या वास्तूभोवती विद्यार्थ्यांच्या कोणत्या प्रथा होत्या, हे मला समजून घ्यायचे आहे. आमच्या घरात आजोबा आणि वडील दोघेही राजारामचे. आजोबा भवानी मंडपातले, वडील सागरमाळावरचे. दोघांकडून मी कॉलेजच्या आठवणी भरपूर ऐकल्या. पण आता आठवू लागलो तर लक्षात येते की इमारतीबद्दल, वर्गांबद्दल, स्नेहसंमेलनाबद्दल दोघांनीही फारसे काही सांगितलेले नाही. दोघेही सांगत ते जेवणाचे: कोठे जेवलो, कोणाच्या घरी वार होता, मेसमध्ये कोणत्या दिवशी काय असे. हे आमच्याच घराचे वैशिष्ट्य की कोल्हापूरचे? जाणकारांनी लिहावे.

निवृत्त मास्तर

धागाकर्त्यांचा प्रश्न वाचून आनंद झाला. उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

राजाराम कॉलेजचा लौकिक सांगताना आपण सहसा नावे सांगतो. गोपाळ कृष्ण गोखले येथे शिकले, यशवंतराव चव्हाण येथूनच १९३८ मध्ये बी. ए. झाले. अध्यापकांत माधव ज्युलियन होते, प्राकृत आणि जैन वाङ्मयाचे जगन्मान्य पंडित डॉ. आ. ने. उपाध्ये होते, शिवचरित्रकार डॉ. बाळकृष्ण प्राचार्य होते. ही परंपरा मोठी आहे, यात शंका नाही. परंतु ती अध्यापकांची परंपरा झाली. विद्यार्थ्यांची परंपरा शोधायची असेल तर भवानी मंडपातून बाहेर पडून दसरा चौकाकडे चालत यावे लागते.

कारण साधे आहे. कॉलेज उघडले म्हणून खेड्यातला मुलगा कॉलेजात येत नाही. कागल, राधानगरी, गडहिंग्लजकडच्या मुलाने शिकायचे ठरवले तरी रात्री पाठ कोठे टेकायची आणि दोन वेळा काय खायचे, हा पहिला प्रश्न असे. ब्राह्मण मुलांसाठी माधुकरी आणि वार लावून जेवणे ही जुनी सोय होती. इतरांना तीही नव्हती. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढून पाहिले. नियमात कोणालाच मज्जाव नव्हता, तरी काही वर्षांत ते व्यवहारात एकाच वर्गाच्या मुलांचे झाले. दार सर्वांना उघडे ठेवले म्हणजे सर्वजण आत येतात असे नाही, हा धडा महाराजांनी त्यातून घेतला असावा असे माझे मत आहे. मग १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत अशा एकेका समाजाची बोर्डिंगे, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. महाराजांनी जागा दिल्या, उत्पन्ने लावून दिली आणि चालवण्याची जबाबदारी त्या त्या समाजावर टाकली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते याच अर्थाने.

म्हणून आपले आजोबा इमारतीविषयी न बोलता जेवणाविषयी बोलत, यात नवल नाही. कॉलेजच्या दगडी भिंतींआड ते दिवसाचे पाच तास असत. उरलेले एकोणीस तास बोर्डिंगात किंवा कोणाच्या तरी पडवीत.

भोगावतीकाठ

मास्तरांनी लिहिले ते मी प्रत्यक्ष भोगलेले आहे. मी १९८३ ते १९८८ अशी पाच वर्षे शहरातल्या एका जुन्या बोर्डिंगात काढली. कोणत्या ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही आहे.

आमच्याकडे मेस विद्यार्थीच चालवत. दर महिन्याला एक मेस सेक्रेटरी निवडला जाई आणि त्या महिन्यात त्याच्यासारखा दुसरा दुःखी प्राणी पृथ्वीवर नसे. पहाटे आचाऱ्यासोबत मंडईत जायचे, वांगी कोणत्या भावाने घेतली ते लिहायचे, तेलाचा डबा कुलपात ठेवायचा आणि रात्री हिशेबाची वही पुरी करायची. या वहीला आम्ही 'खाडावही' म्हणत असू. गावी जाणाऱ्याने आदल्या रात्री नऊच्या आत आपल्या नावापुढे खाडा लिहायचा. नऊ वाजून पाच मिनिटांनी लिहिलेला खाडा धरला जात नसे आणि त्यावरून दोन मित्रांनी वर्षभर अबोला धरल्याचे मी पाहिले आहे. महिन्याअखेर एकूण खर्चाला एकूण ताटांनी भागले की 'पर डे' निघे आणि तो फळ्यावर खडूने लिहिला जाई. आजही मला कोणी अर्थसंकल्प समजावून सांगू लागले की डोळ्यांसमोर तो फळाच येतो.

पंगतीचे नियम लिहिलेले नव्हते, पण मोडण्याची कोणाची छाती नव्हती. नव्या मुलाने पहिला महिनाभर वाढायचे आणि शेवटच्या पंगतीला बसायचे. वाढताना भाकरी फेकायची नाही, हातात द्यायची. कोणाचा पाहुणा आला तर त्याचे ताट पहिल्या पंगतीला, आणि पाहुणा जर वडीलधारा असेल तर रेक्टरही उठून बाजूला होत. परीक्षेच्या आदल्या रात्री आचारी स्वतःहून मोठ्या पातेल्यात चहा ठेवून झोपत असे. त्याचा हिशेब वहीत कधी आला नाही आणि आम्ही विचारलाही नाही.

तक्रार एवढीच की माझ्या तिसऱ्या वर्षी व्यवस्थापनाने मेस ठेकेदाराला दिली. जेवण वाईट झाले असे नाही, कदाचित थोडे बरेच झाले. पण खाडावही गेली, सेक्रेटरी गेला, आणि मुले ताट घेऊन खोलीत जेवू लागली. दोन वर्षांत पंगत बसली ती फक्त शाहू जयंतीला. आम्ही अर्ज केला होता. त्याचे उत्तर अद्याप यायचे आहे.

दगडफूल

चर्चा रंगते आहे, पण एक अवघड प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. जातीच्या नावाने उभ्या राहिलेल्या या वास्तूंचा आपण किती गौरव करावा? ज्या मुलांना एकत्र बसून शिकायचे, त्यांनी जेवायला मात्र आपापल्या जातीत जायचे, ही व्यवस्था शंभर वर्षे चालली. भोगावतीकाठ यांची पंगत सुंदर आहे, परंतु त्या पंगतीत कोण नव्हते हेही लिहिले पाहिजे.

निवृत्त मास्तर

आपला आक्षेप रास्त आहे आणि तो नवाही नाही. महाराजांच्या हयातीतही तो घेतला गेला होता. मी एवढेच म्हणेन की १८९६ चा सर्वांसाठीचा प्रयोग आधी झाला आणि वेगवेगळी बोर्डिंगे नंतर आली, हा क्रम विसरू नये. प्रत्येक समाजातून शिकलेली पहिली पिढी तयार व्हावी, आपल्या मुलांसाठी त्या समाजाने स्वतः पैसा उभा करावा, हा त्यामागचा व्यवहार होता.

परंतु त्या भिंती कोणाला खटकल्याच नाहीत असेही नाही, आणि खटकल्या त्या विद्यार्थ्यालाच. कुंभोजचे भाऊराव पाटील येथे शिकत असताना मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले. परत आल्यावर त्यांना अंघोळ करून मगच भोजनगृहात येण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि राहते बोर्डिंग सोडावे लागले. याच भाऊरावांनी पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यात १९२४ मध्ये असे वसतिगृह उभे केले, जेथे सर्व जातींची मुले एकाच चुलीवरचे, आणि तेही स्वतः रांधलेले, जेवत. त्या वसतिगृहाला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते नाव मिळाले ते 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस'. मुलांच्या पोटासाठी दारोदार फिरून मूठमूठ धान्य जमवण्याची मुष्टिफंडाची पद्धत तेथलीच, आणि धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले तेही तेथेच.

म्हणजे पाहा, कोल्हापूरच्या एका भोजनगृहाच्या दारात झालेल्या वादातून साताऱ्यातली एक पंगत निघाली. आपण म्हणता तो दोष त्या व्यवस्थेत होताच. त्याची जाणीव आणि त्यावरचा उपाय दोन्ही बोर्डिंगात राहिलेल्या एका मुलाकडून आले, एवढे मी त्यात जोडतो.

दगडफूल

भाऊरावांची गोष्ट माहीत होती, पण तिचा शेवट शाहू महाराजांच्या नावापाशी होतो हे लक्षात आले नव्हते. आक्षेप अर्धा मागे घेतो, अर्धा ठेवतो.

करवीरकन्या

एवढ्या प्रतिसादांत मुलींचा उल्लेख अजून आलेला नाही, याची नोंद घ्यावी. बोर्डिंगे मुलांची, तालमी मुलांच्या, रात्री खासबागेत कुस्त्या पाहून उशिरा येऊन रेक्टरची बोलणी खाणारीही मुलेच. आमच्या वेळी खेड्यातल्या मुलीपुढे दोनच वाटा असत: नातेवाइकांकडे राहून घरकाम करीत शिकणे किंवा रोज एसटीने ये-जा करणे. मी दुसरी वाट धरली. गारगोटीच्या बाजूने सकाळी निघणारी गाडी हेच माझे वसतिगृह होते, असे म्हटले तरी चालेल.

त्या गाडीत मी जी प्रथा रोज पाहिली ती कोणत्याही इमारतीपेक्षा मला जास्त कोल्हापूरची वाटते. कोल्हापुरात खोली घेऊन राहिलेल्या मुलांचे डबे त्या गाडीने यायचे. वाटेतल्या फाट्यावर कोणाची तरी आई किंवा धाकटा भाऊ पिशवी घेऊन उभा असे. गाडी पुरती थांबतही नसे. पिशवी पुढच्या दाराने चालकाकडे जाई आणि तो ती आपल्या शेजारच्या बॉनेटवर ठेवी. जुन्या गाड्यांत इंजिन आतच असल्याने बॉनेट तापलेले असे आणि आमटी कोल्हापूरपर्यंत गरम राही. मुदाळ तिट्ट्यापर्यंत बॉनेट भरून जाई आणि मग पिशव्या पहिल्या बाकाखाली सरकत.

पिशव्या बहुतेक जुन्या पँटच्या कापडाच्या शिवलेल्या असत. त्यावर ऑइल पेंटने मुलाचे नाव आणि गावाचे नाव लिहिलेले असे. ज्या आईला लिहिता येत नसे ती पिशवीच्या बंदाला लाल किंवा हिरवी चिंधी बांधी. आत तीन पुडाचा डबा: खाली आमटी, मध्ये कोरडी भाजी, वर ठेचा किंवा दही, आणि डब्याबाहेर फडक्यात गुंडाळलेल्या चार भाकऱ्या. स्थानकावर गाडी लागण्याआधीच मुले फलाटावर उभी असत. रिकामा डबा द्यायचा, भरलेला घ्यायचा. रिकाम्या डब्यात चिठ्ठी असे. एकदा एका पिशवीचा बंद तुटून डबा उघडला आणि चिठ्ठी माझ्या पायाशी आली. मी वाचायला नको होती, पण वाचली. त्यात एवढेच होते: "मीठ कमी. फी सोमवारपर्यंत." मी ती परत डब्यात ठेवली, आणि त्या सोमवारी फलाटावर तो मुलगा दिसतो का हे उगीचच पाहिले.

चालक किंवा वाहकाने या कामाचे पैसे घेतल्याचे मी कधी पाहिले नाही. दिवाळीत फराळाचा एक पुडा मात्र बॉनेटवर असे आणि तो कोणाच्या नावाचा नसे.

सागरमाळ

वरच्या प्रतिसादानंतर काही लिहिणे अवघड आहे, तरी विद्यापीठाच्या बाजूने थोडे लिहितो.

राजाराम कॉलेज आधी मुंबई विद्यापीठाला, मग पुणे विद्यापीठाला जोडलेले होते; परीक्षेचा निकाल, पदवी, प्रत्येक कागद बाहेरगावाहून यायचा. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेव्हा देश चीनशी युद्धात होता आणि या विद्यापीठासाठी झटलेले, राजारामचेच माजी विद्यार्थी यशवंतराव चव्हाण त्याच महिन्यात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हेही राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले. त्यांना मिळाला तो साडेआठशे एकरांचा माळ. आज तेथे मोर फिरतात, तळी आहेत आणि सकाळी निम्मे कोल्हापूर चालायला येते, त्यामुळे ते मूळचे खडकाळ माळरान होते हे सांगूनही पटत नाही.

मुख्य इमारतीसमोर शिल्पकार बी. आर. खेडकर यांनी घडवलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा १९७४ पासून उभा आहे. आपल्याकडे विद्यार्थी-प्रथा म्हणावी अशी एक गोष्ट त्याच्यापाशी रोज घडते: प्रवेश घेतल्यावर पहिला फोटो तेथे आणि पदवी घेतल्यावर शेवटचा फोटो तेथे. दीक्षान्त समारंभाच्या दिवसांत खेड्यातून आलेले आईवडील, त्यांच्यामध्ये गाऊन घातलेला मुलगा किंवा मुलगी, आणि बऱ्याच वेळा तो गाऊन काही क्षणांसाठी आईच्या अंगावर, हे दृश्य मी दरवर्षी पाहतो. याच सुमारास निघणारी ग्रंथदिंडीही पाहण्यासारखी असते. पालखीत ग्रंथ ठेवून टाळ-मृदंगाच्या गजरात विद्यापीठ गाठणे हे आपल्या भागाला शोभणारे आहे.

परंतु धाग्याचा विषय पोटाचा आहे, म्हणून 'कमवा आणि शिका'बद्दल लिहितो. मी तेथलाच. आप्पासाहेबांच्या नावाने असलेल्या विद्यार्थी भवनात आम्ही राहत असू, दिवसातले काही तास विद्यापीठाच्याच एखाद्या विभागात काम करीत असू आणि त्यावर शिकत असू. माझ्या वाट्याला पहिल्या वर्षी बागकाम आले आणि दुसऱ्या वर्षी ग्रंथालय. ज्या झाडाला सकाळी पाणी घातले त्याच झाडाखाली दुपारी वर्गमैत्रिणीसमोर ऐटीत बसायचे, यात थोडा संकोच वाटे. पहिल्या सत्रात मी खुरपे पिशवीत लपवून नेत असे. दुसऱ्या सत्रात लपवणे सोडले, कारण आमच्या वर्गातल्या आणखी तिघांच्या पिशव्यांतून खुरपीच निघाली.

भोगावतीकाठ यांच्यासाठी: आमच्याकडेही खाडा होता आणि आमच्याकडेही रात्री नऊचीच मर्यादा होती. हा नियम बोर्डिंगांतून माळावर कोण घेऊन आले, हे कळायला मार्ग नाही, पण आले ते तेथूनच.

माळकर तिकटी

सर्वांचे आभार. आज सकाळी ही सर्व चर्चा वडिलांना वाचून दाखवली. त्यांचे वय ब्याऐंशी आहे. मास्तरांचे आणि सागरमाळ यांचे लिखाण त्यांनी मान हलवीत ऐकले, मेस सेक्रेटरीच्या दुःखाला मनापासून हसले, आणि करवीरकन्या यांचा प्रतिसाद संपल्यावर काही न बोलता आत गेले. थोड्या वेळाने माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला सांगितली. आजीने शिवलेली पिशवी त्यात असेल असे मला वाटले होते. पिशवी नव्हती, डबा होता, वरचा पूड हरवलेला. झाकणावर खिळ्याने ठोकून नाव काढले आहे, पण ते वडिलांचे नाही, आजोबांचे आहे. म्हणजे तोच डबा आधी भवानी मंडपात आणि मग सागरमाळावर गेला होता.

करवीरकन्या यांना एक विचारायचे आहे. झाकणाच्या कडीला हिरव्या चिंधीचा एक तुकडा अजून अडकलेला आहे. आजीला अक्षरओळख नव्हती हे आम्हांला ठाऊक होते. चिंधीचा रंग घरोघरी ठरलेला असे का?

करवीरकन्या

फाट्याफाट्याला ठरलेला असे. आमच्या फाट्यावर लाल एका घरची आणि हिरवी दुसऱ्या घरची, एवढे चालकाला पाठ असे. तुमचे गाव कोणते ते कळवा, त्या बाजूच्या गाडीवर काम केलेले एक वाहक आमच्या गल्लीत राहतात, त्यांना विचारते.